पूर्वेच्या दाराची लॅब

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास भवानीनगरच्या पुढच्या माळावर, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये, चारेकशे बायका आणि त्यांना गाडीवरून आणून सोडणारे साठ-सत्तर नवरे दाटीवाटीने बसले होते. कोंबड्या जाऊन दोन वर्षं झाली होती, पण वासाला कुणी तसं कळवलं नव्हतं.

पुढं फ्लेक्स लावलेला. फ्लेक्सवर महाराजांचा फोटो, फोटोमागे सूर्य, सूर्यामागे अजून एक सूर्य, आणि खाली ओळ : 'श्री कंठेश्वर महाराज. गळ्याचे समस्त विकार. पुरावा पाहून मगच नमस्कार करा.'

या 'पुरावा' शब्दानं तालुका वेडा केला होता. बाकीचे बाबा म्हणतात श्रद्धा ठेवा. हे म्हणायचे रिपोर्ट ठेवा. पूर्वी कोंबड्यांची पाण्याची भांडी ज्या तारेला टांगलेली असत, त्याच तारेला आता लॅमिनेशन केलेले रक्ताचे रिपोर्ट लोंबत होते. येणारी बाई रिपोर्टला हात लावायची आणि तोच हात कपाळाला न्यायची. महाराजांचं छापील चरित्र दारातच मिळत होतं. साक्षात्कार होण्याआधी महाराज गावोगाव जनावरांचा खुराक विकत हिंडायचे, ही गोष्ट त्यात लपवलेली नव्हती. त्या प्रकरणाचं नाव 'गोसेवेची बारा वर्षे' होतं.

महाराज उठले. माईक तपासला. घसा खाकरला. चारशे घसे मनातल्या मनात खाकरले.

"थायरॉईड!" महाराज म्हणाले. "ह्यो शब्द इंग्रजाचा न्हाय बरं का. मूळ शब्द 'स्थायी रुद्र'. तुमच्या गळ्यात रुद्र वस्तीला आलाय, आन् तुमी त्याच्यावर रोज सकाळी गोळी मारताय. देवाला गोळी मारत्यात का?"

"न्हाय!"

"मग त्यो कोपणार का न्हाय?"

"कोपणार!"

"मी म्हणत न्हाय माझ्यावर इश्वास ठेवा. रक्त काढा. रक्त तुमचं, सुई त्यांची. गोळी बंद करा, तीन दिस माझा प्रसाद घ्या. चवथ्या दिशी अनशापोटी परत घ्या आन् तासाभरात लॅबमधी जावा. फकस्त लॅबचं दार पूर्वेला पायजे. बारामतीत तसली एकच हाय, पत्ता पावतीवर छापलाय."

मग महाराजांनी हात केला आणि व्यासपीठावर प्रमोदिनी आली.

"ह्या आमच्या भगिनी, बी.कॉम. झालेल्या," महाराज म्हणाले. 'बी.कॉम.' हे त्यांनी 'बाळंतपणात वाचलेल्या' अशा सुरात सांगितलं. "रोग किती हुता?"

"बेचाळीस," प्रमोदिनी म्हणाली.

"आन् आता?"

तिनं रिपोर्ट उंच धरला. "शून्य पूर्णांक नऊ."

शेडचे पत्रे हलतील असा टाळ्यांचा कडकडाट झाला. चौथ्या ओळीत बसलेली तिची थोरली जाऊ शालन हिनंही टाळ्या वाजवल्या. फक्त तिच्या टाळ्यांचा आवाज जरा निराळा होता. एका तळव्यात डास असावा तसा.

---

शालन लोणी भापकरची. बापाची शेती, चार म्हशी, शाळा दहावीपर्यंत. प्रमोदिनी वालचंदनगरची. वडील कंपनीत, राहायला क्वार्टर, दारात गुलमोहर. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात इस्त्री होती. तोवर त्या घरात कपडे गादीखाली ठेवून सरळ होत.

त्या दिवसापासून शालनचं घड्याळ प्रमोदिनीवर लावलं गेलं. तिची पुरणपोळी फुटत नाही. तिच्या रांगोळीला ग्रामपंचायतीचं बक्षीस. तिचा नवरा वसंत कारखान्यात हजेरीवर. शालनचा सोमनाथ गोठ्यात, आणि हजेरी घ्यायला फक्त गाया. तीन वर्षांपूर्वी गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि दोघी जावांना एकाच दिवशी थायरॉईड निघाला, तेव्हा शालनला क्षणभर बरं वाटलं होतं की चला, एक गोष्ट तरी सारखी आली. मग आकडे आले. प्रमोदिनी बेचाळीस, शालन एकोणचाळीस.

"बघा," सासू आक्काबाई म्हणाली होती, "ह्यातबी धाकटीच पुढं."

बारामतीच्या डॉक्टर अश्लेषा यांनी दोघींना सारख्याच गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत प्रमोदिनी तीनवर आली. शालन अकरावर येऊन बसली ती बसलीच. डॉक्टरांनी गोळी वाढवली, अकरा. अजून वाढवली; अकरा. आक्काबाईनं दोघींचे रिपोर्ट फ्रिजच्या दाराला शेजारी शेजारी चिकटवले होते, त्यामुळे दूध काढायला गेलं तरी शालनला आधी आपला पराभव दिसायचा.

आणि आता हे. चार महिन्यांपूर्वी प्रमोदिनीनं गोळ्या बंद करून प्रसाद धरला आणि ती शून्यावर पोचली.

"ती गोळ्या खाईना तर शून्य," आक्काबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "तू खातीस तर अकरा. आता अडाण्यालाबी कळंल दोष कुणाचा."

"आत्याबाई, मी बंद न्हाय करणार. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय."

"तुला बरंच व्हायचं न्हाय. तुला धाकटीचं बघून जळायचंय."

दुसरं वाक्य पूर्ण खरं होतं, त्यामुळे शालननं तव्यावरची भाकरी उलटली.

हेवा ही मोठी कष्टाळू गोष्ट आहे. प्रेम करणारं माणूस समोरच्याचा चेहरा बघतं, हेवा करणारं त्याच्या नखांपर्यंत जातं. शालननं प्रमोदिनीला असं न्याहाळलं की जगातल्या कुठल्याही डॉक्टरला फी देऊन जमणार नाही. तिला दिसलं ते असं : चैत्र लागलाय, गाया सावली सोडेनात, आणि धाकटी स्वेटर घालून बसलीय. आवाज फाटून जाड झालाय. डोळ्यांखाली फुगलंय. भाजीत दोनदा मीठ, चहात एकदा. आणि दुपारी जेवण झालं की जी झोपते, ती वसंताची गाडी दारात वाजेपर्यंत.

'शून्य पूर्णांक नऊवाली राणी घोरतीय,' शालनच्या मनात आलं. तिला फार समाधान वाटलं. पण मग प्रश्न पडला. शून्य आलंय, तर ही अशी का? आणि अशी असून शून्य कसं?

शालनच्या जागी दुसरं कुणी असतं तर चौकशी केली असती. शालननं चोरी केली.

---

महाराजांचा महिन्याचा प्रसाद देव्हाऱ्यामागच्या डबीत असायचा. कागदाच्या चार पुड्या, आत पांढरी भुकटी. तपासणीला चार दिवस होते, आणि या महिन्यात आक्काबाईनं हुकूम काढला होता की दोघींनी एकाच दिवशी, पूर्वेच्याच लॅबमध्ये जायचं. म्हणजे तुलनेला सोपं.

दुपारी प्रमोदिनी घोरत असताना शालननं चारही पुड्या उघडल्या, भुकटी आपल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ओतली आणि पुड्यांत पिठीसाखर भरून घड्या जशाच्या तशा घातल्या. तिची योजना साधी होती. चमत्कार जर पुडीत असेल, तर यंदा तो थोरल्या सुनेकडे येऊ दे. ज्येष्ठतेप्रमाणे.

गोळी मात्र तिनं सोडली नाही. रोज सकाळी थायरॉईडची गोळी, गावच्या आशा सेविकेनं दिलेली लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, तिन्ही एकदम तोंडात टाकून वर गरम चहाचा घोट. एकदाच काय ती कटकट. आता त्याच्यावर चिमूटभर प्रसाद.

"ताई," दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी जड आवाजात म्हणाली, "या वेळचा प्रसाद गोड लागतोय. महाराज प्रसन्न झालेत बहुतेक."

"असतील बया," शालन म्हणाली. "आपल्याला काय कळतंय."

चौथ्या दिवशी रक्त दिलं. संध्याकाळी वसंताच्या मोबाइलवर दोन्ही रिपोर्ट आले. अख्खं घर ओसरीवर जमलं.

"शालनवहिनी," वसंत वाचू लागला, "शून्य पूर्णांक दोन."

आक्काबाईनं हात जोडले. सोमनाथनं बायकोकडे असं बघितलं जशी गाभण नसलेली गाय व्याली.

"आणि प्रमोदिनी..." वसंत थांबला. त्यानं मोबाइल लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "अठ्ठ्याऐंशी."

"शंभरापैकी?" आक्काबाईनं आशेनं विचारलं.

त्या रात्री शालन तीन वर्षांत पहिल्यांदा गाणं गुणगुणली. सकाळी उठून तिनं फ्रिजवरचा आपला रिपोर्ट वर सरकवला आणि धाकटीचा खाली.

गुरुवारी दरबारात महाराजांनी दोन्ही कागद बघितले. शालनला जवळ बोलावून सांगितलं, "पुढच्या गुरवारी तुझा सत्कार. शाल आन् नारळ." मग प्रमोदिनीकडे वळून डोळे मिटले. "भेसळ झालीय," ते म्हणाले. "कुठंतरी भेसळ झालीय."

महाराजांच्या आयुष्यात त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य असावं. पण महाराज पुढं म्हणाले, "श्रद्धेत. चाळीस दिस प्रायश्चित्त. प्रसाद दुप्पट, पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, गोळी आन् डॉक्टर वर्ज्य."

प्रमोदिनी चारशे बायकांसमोर रडली. रडतानाही तिचा आवाज पुरुषासारखा येत होता, आणि मागच्या दोघी-तिघी हसल्या. शालनला वाटलं होतं की हे बघून गार वाटेल. तसं काही झालं नाही.

---

तरीपण ती सोमवारी बारामतीला गेली ती डॉक्टर अश्लेषांना रिपोर्ट दाखवायलाच. या डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणायच्या, "प्रमोदिनीताईंचं कसं छान नियमित आहे!" त्याचा हिशोब राहिला होता.

डॉक्टरांनी शून्य पूर्णांक दोन वाचलं. मग शालनची नाडी बघितली, हात दाबून बघितला, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय जरा विचार करून हलला.

"शालनताई, हा कागद म्हणतो की तुमची थायरॉईड पळत सुटलीय. छातीत धडधड हवी, घाम हवा, हात थरथरायला हवेत. तुमची नाडी अठ्ठावन्न आहे आणि हात गार. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि तुम्ही तर माझ्यासमोर बसलाय."

"कागद खोटा कसा आसंल? मशीनचा हाय."

"मागच्या महिन्यात अकरा होता. अकराचा आकडा खरोखर खाली यायला सहा-सहा आठवडे लागतात. एवढा एकदम? काय खाल्लंत? केसांच्या, नखांच्या गोळ्या? बायोटिन?"

शालननं नकारार्थी मान हलवली. मग थांबली. "बायोटिन म्हंजी... ते खुरांचं?"

"कसलं खुरांचं?"

"आमच्या गायांची खुरं चिरली की खुराकात टाकत्यात. पोत्यावर लिवल्यालं आसतंय. रतन खुराकवाला द्यायचा. त्योच तर..." तिचा हात पिशवीतल्या कुंकवाच्या डबीकडे गेला. रतन खुराकवाला म्हणजेच कंठेश्वर महाराज, हे तालुक्यातल्या पोरापोराला ठाऊक होतं. गोसेवेची बारा वर्षे.

मग तिनं कुंकवाची डबी टेबलावर ठेवली आणि खालमानेनं चोरीसकट सगळं सांगितलं.

डॉक्टर रागावतील असं तिला वाटत होतं. त्या खुर्चीतून उठल्याच. "शालनताई, तुम्ही काय केलंत कळतंय का? एकीला भुकटी, दुसरीला साखर, आणि साखरवालीला पत्ता नाही! शास्त्रज्ञ असंच तपासतात."

"ते जळून करत्यात का?"

"कधी कधी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पूर्वेच्या लॅबला फोन लावला. दोघींचं उरलेलं रक्त तिथल्या फ्रिजमध्ये होतं. लॅबवाले भले निघाले. त्यांनी तेच नमुने लगेच दुसऱ्या एका लॅबला पाठवले. तिचं दार उत्तरेला होतं आणि यंत्र वेगळ्या पद्धतीचं होतं. दुपारी उत्तर आलं. शालनचं तेच रक्त : पूर्वेला शून्य पूर्णांक दोन, उत्तरेला अकरा पूर्णांक सहा. प्रमोदिनीचं मात्र पूर्वेला अठ्ठ्याऐंशी, उत्तरेला सत्त्याऐंशी.

"साखरेला दिशा कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "तुमच्या जाऊबाईंना उद्याच्या उद्या घेऊन या. चार महिने गोळी नाही, आकडा अठ्ठ्याऐंशी, आणि वर पहाटे थंड पाणी. हृदय मंद पडत जातं. असं माणूस एखाद्या दिवशी झोपतं आणि हाका मारून उठत नाही."

शालनला दुपारचं घोरणं आठवलं.

घरी येऊन तिनं प्रमोदिनीला सांगायचा प्रयत्न केला. पण चोरीचं तेवढं गाळून. "डॉक्टरीणबाई म्हणत्यात, प्रसाद खोटा हाय."

प्रमोदिनीनं सुजलेल्या डोळ्यांनी बघितलं. "तुम्हाला शून्य आलं, आता तुम्ही म्हणणारच, ताई. माझं होऊ नये म्हणून."

ही नजर शालनच्या ओळखीची होती. तीन वर्षं ती आरशात बघत आली होती.

---

गुरुवारी शेड तुडुंब. शालनच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, पुढं माईक आला. महाराज कुजबुजले, "फकस्त आकडा सांग आन् नमस्कार कर."

पुढच्या ओळीत प्रमोदिनी स्वेटरमध्ये बसल्या बसल्या पेंगत होती. मागं दारात, शालनच्या निरोपावरून आलेल्या डॉक्टर अश्लेषा उभ्या होत्या.

"माझा आकडा शून्य पूर्णांक दोन," शालन म्हणाली. टाळ्या. "त्यो खोटा हाय. आन् मी चोर हाय."

टाळ्या अर्ध्या हवेत राहिल्या.

"धाकटीचा प्रसाद मी चोरला. तिच्या पुड्यात पिठीसाखर भरली. तिला साखर गेली आन् अठ्ठ्याऐंशी आला. मला भुकटी गेली आन् शून्य. तिच्या श्रद्धेत काय भेसळ न्हवती. भेसळ मी केली. का, तर मला तिचं चांगलं बघवत न्हवतं. इस्त्री आणली तवापास्नं."

शेडमध्ये एवढी शांतता झाली की वासच तेवढा ऐकू येत होता. प्रमोदिनीचे डोळे पूर्ण उघडले.

महाराज सावरले. "पाहिलंत? प्रसाद खाल्ला तिला गुण! चोरून खाल्ला तरी गुण! हेच तर..."

"मग तेच रक्त उत्तरंच्या दाराला अकरा का म्हणतंय?" शालननं दोन्ही कागद वर धरले. "गुण आला आसंल तर त्यो दार बघून येतोय व्हय?"

"उत्तर ही कुबेराची दिशा... म्हंजी यंत्रावर त्याचा..."

"बसा खाली," पुढच्या ओळीतले गंगाराम आबा म्हणाले. आबांचं वय ऐंशी, आणि ते बायकोला घेऊन दर गुरुवारी येत. "डॉक्टरीणबाई, तुमी सांगा. पण आमाला कळंल आसं."

डॉक्टर पुढं आल्या. "आबा, थायरॉईड सुस्तावली की मेंदूखालची ग्रंथी तिला हाका मारते. काम कर, काम कर. ती हाक किती मोठी, ते सांगतो हा आकडा. साधारण अर्ध्यापासून साडेचारपर्यंत असला की ठीक. गोळीनं शरीराची उणीव भरून निघते, म्हणून हाक आपोआप खाली येते. आता त्या यंत्राचं सांगते. तुम्ही एसटीनं जाता ना? गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात?"

"धरत्यात की."

"यंत्र म्हणजे एसटी समजा. रक्तातल्या हाका म्हणजे प्रवासी. आत जितके बसले, तेवढे कंडक्टर मोजतो. त्या यंत्रातल्या जागा बायोटिन चिकटून धरतं. रक्तात भरपूर बायोटिन असलं की सगळ्या सीटवर रुमाल! खरे प्रवासी बाहेरच राहतात. कंडक्टर रिकामी गाडी बघून लिहितो : स्टँडवर गर्दी नाही. आणि स्टँडवर अठ्ठ्याऐंशी माणसं बोंबलतायत."

गंगाराम आबांनी टोपी काढून परत घातली. "म्हंजी रोग गेला न्हाय. मोजणारा फसला."

"हेच. म्हणून तर त्याच दाराची अट, आणि तासाभरापूर्वीच खायची सक्ती. दुसरं यंत्र जागा वेगळ्या रीतीनं धरतं, तिथं रुमाल चालत नाही. लॅबची चूक नाही. काय खाल्लं ते तुम्ही कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं."

"आन् हे बायोटिन म्हंजी खुरांचं?"

"जीवनसत्त्वच आहे, आबा. पण या पुडीत गाईला लागेल एवढं आहे."

आबांनी वळून बायकोच्या नखांकडे बघितलं. "तरीच," ते म्हणाले, "चार महिनं झालं, माझी पाठ खाजवताना रगत काढतीय."

शेड हसली. इतकी हसली की महाराजांना मागच्या दारानं जायला सोयीचं झालं. त्यांच्या साक्षात्काराचीही पुढं पोलिसांसमोर उकल झाली. बायकोनं केस गळतात म्हणून गाईंचं औषध खाल्लं, तिचा थायरॉईडचा रिपोर्ट एकाएकी सुधारला, आणि रतन खुराकवाल्याला देव दिसला. कसं होतं हे त्याला कधीच माहीत नव्हतं. कुठल्या दाराला होतं, एवढं त्यानं हिंडून हिंडून शोधलं होतं.

डॉक्टरांनी जाता जाता माईक घेतला. "पुरावा मागता, हे उत्तम. पण पुरावा टांगायचा नसतो, तपासायचा असतो. कागद बरा म्हणतोय आणि बाई चैत्रात कुडकुडतेय, तर बाईवर विश्वास ठेवा. काहीही खात असाल, गोळी, भुकटी, जीवनसत्त्व, अंगारा, तर रक्त काढणाऱ्याला सांगा. आणि थायरॉईडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. ती देवाला मारलेली गोळी नाही. शरीराला जे कमी पडतं तेच आहे ते, मोजून दिलेलं."

प्रमोदिनीला त्याच दुपारी बारामतीला नेलं. सोबत आपणच थांबणार असं शालननं जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं. दवाखान्यात पहिला दिवस प्रमोदिनी तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, "साखर घरची होती की दुकानातली?"

"घरचीच. मिक्सरवर काढली."

"वेलदोडा घातला होतात?"

"व्हय, जरासा."

"चांगली होती," प्रमोदिनी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

शालनच्या अकराचा उलगडाही तिथंच झाला. डॉक्टरांनी गोळी कशी घेता विचारलं आणि ऐकून कपाळाला हात लावला. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच अडवून धरतात, आणि चहाही तिची वाट सोपी करत नाही. गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभरानं. लोह आणि कॅल्शियम किमान चार तासांनी. एवढंच. तीन वर्षं कुठलाही रुद्र कोपला नव्हता; नुसती घाई नडली होती.

आता त्या घरात सकाळी सहाला दोघी जावा ओसरीवर समोरासमोर बसतात. दोघींच्या हातात एकेक गोळी, एकेक तांब्या. गोळी घेऊन झाली की मध्ये घड्याळ ठेवलं जातं, आणि तासभर दोघी एकमेकींवर डोळा ठेवून असतात की दुसरी आधी चहाला तर उठत नाही ना. फ्रिजवर नवे रिपोर्ट लागलेत, दोन्ही उत्तरेच्या दाराचे. शालन तीन पूर्णांक एक, प्रमोदिनी दोन पूर्णांक आठ.

"दोन्ही सारखेच बरे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "हा फरक काहीच नाही."

"कळतंय," शालन म्हणाली. "पुढची तपासणी कधी?"